नदी भेटीची वेळ मागत नाही

कल्याण सोडून कर्जतच्या बाजूला निघालेल्या लोकलचे पहिले स्टेशन विठ्ठलवाडी. कल्याण आणि उल्हासनगर यांच्या शिवेवरचे. इथल्या चौकांत वर्षभर वाढदिवसांचे फलक लागतात आणि त्यांवरची विशेषणे ठरलेली असतात: कार्यसम्राट, अहोरात्र झटणारे, एका हाकेला धावून येणारे, चोवीस तास जनतेच्या सेवेत. ही विशेषणे हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत, कारण लोकांची नेत्याकडून असलेली अपेक्षा त्यांत खरोखरच उतरलेली असते. नेता सतत दिसला पाहिजे, भेटला पाहिजे, काहीतरी करत असला पाहिजे. सकाळी घरासमोरची गर्दी, दुपारी पालिकेतली बैठक, संध्याकाळी साखरपुडा आणि उद्घाटन, रात्री मंडळाची आरती. ज्याचा दिवस असा भरगच्च, तो कामाचा माणूस. आणि जो आठवड्यातली एक दुपार कुणालाच भेटत नाही, तो एक तर गर्विष्ठ, नाहीतर रिकामटेकडा.

ही समजूत उथळ आहे, आणि तिची किंमत आपण पाण्यात उभे राहून मोजतो, असे मला वाटते. नेता म्हणजे इथे केवळ नगरसेवक किंवा आमदार नव्हे. पालिका आयुक्त, प्रभाग अधिकारी, शाळेचे मुख्याध्यापक, एसटी आगाराचे व्यवस्थापक, ज्यांच्या निर्णयावर दुसऱ्यांचे दिवस अवलंबून असतात ते सगळे. अशा प्रत्येकाच्या आठवड्यात काही तास बिनकार्यक्रमाचे असले पाहिजेत. त्यांना विश्रांती मिळावी, रक्तदाब ताब्यात राहावा, हे कारण खरे असले तरी दुय्यम आहे. मुख्य कारण सार्वजनिक आहे: भरलेल्या दिवसात नेत्यापर्यंत फक्त त्याच गोष्टी पोहोचतात, ज्यांना वेळ मागता येतो. ज्यांना तो मागता येत नाही, त्यांना आत यायला रिकाम्या तासाखेरीज दुसरे दार नाही.

पहिला मुद्दा: डायरी कोण भरते

नेत्याची डायरी तो स्वतः भरत नाही. ती इतरांच्या मागण्यांनी भरते. ठेकेदाराचे बिल अडलेले असते, बिल्डरला परवानगी हवी असते, गृहनिर्माण सोसायटीच्या शिष्टमंडळाला पाणी कमी दाबाने येत असते, कुणाला रुग्णालयासाठी पत्र हवे असते. यातले बहुतेक लोक प्रामाणिक असतात, त्यांची गरज खरी असते. पण या सगळ्यांत एक साम्य आहे. त्यांच्या अडचणीला तोंड आहे, तारीख आहे, आणि ती एका कागदावर मावते. वेळ मागण्याची पात्रता म्हणतात ती एवढीच.

आता ही पात्रता नसलेल्या गोष्टींची यादी करून पाहावी. अजून न फुटलेली जलवाहिनी. पंधरा वर्षांनी शाळेत जाणारे मूल. पहाटे निघून रात्री परतणारा भाडेकरू, ज्याला कार्यालयाच्या वेळेत कधीच येता येणार नाही. सगळ्यांचे थोडे थोडे आणि कुणाचेच फार नाही, असे होणारे नुकसान. आणि नदी.

विठ्ठलवाडीजवळून वाहणारी वालधुनी ही या युक्तिवादाची सगळ्यात बोलकी साक्ष आहे. अंबरनाथजवळच्या डोंगरांतून ती निघते. इ. स. १०६० च्या शिलालेखाचे शिलाहारकालीन शिवमंदिर तिच्याच काठी आहे. पुढे अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि कल्याण असे करत ती उल्हास खाडीला मिळते. एवढ्याशा वाटेत ती एक नगरपालिका आणि दोन महानगरपालिका ओलांडते. प्रत्येकीच्या दप्तरात ती वर्षातून दोनदा उगवते: पावसाळ्याआधी सफाईच्या निविदेत आणि पूर आल्यावर पंचनाम्यात. बोलीत तर ती नदी राहिलेलीच नाही, नाला झाली आहे, आणि नाल्याविषयी कुणी विचार करत नाही, तो फक्त साफ करतात. २६ जुलै २००५ च्या पावसात काठच्या वस्त्यांनी जे सोसले ते अजून लोकांच्या बोलण्यात आहे. २०१४ मध्ये या नदीत रसायन सोडले गेले आणि उल्हासनगरच्या वस्तीतल्या शेकडो माणसांना विषारी वायूमुळे रुग्णालय गाठावे लागले. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल स्थानिक संस्थांना आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना कोट्यवधी रुपयांचा दंड ठोठावला. लवादाचे लक्ष तरी नदीकडे कसे गेले? ‘वनशक्ती’ ही संस्था तिच्या वतीने दाद मागायला गेली म्हणून. म्हणजे तिथेही नदीला बोलायला कुणीतरी माणूस उभा करावा लागला.

या सगळ्यात कुणी दुष्टच असला पाहिजे, असे नाही. प्रत्येक कार्यालयातला अधिकारी आपापल्या टप्प्याची सफाई करवून घेत असेल. नदीचा तुकडा प्रत्येकाच्या फाइलीत आहे आणि अख्खी नदी कुणाच्याच फाइलीत नाही. अख्खी नदी डोळ्यांपुढे आणायची, तर ज्या तासात कुणीच समोर बसलेले नाही असा तास लागतो. वर कारखाने, मध्ये दाट वस्ती, खाली भरतीचे पाणी, आणि पात्रात आलेले बांधकाम या चार गोष्टी एकत्र ठेवायला कुठलीच भेट उपयोगी पडत नाही, कारण भेटीला येणारा यांपैकी एकच गोष्ट घेऊन येतो. जोडणी भेट संपल्यावर करायची असते. आणि भेट संपली की पुढची भेट असते.

दुसरा मुद्दा: शंभर टक्के भरलेल्या दिवसाचे गणित

‘पण कामेच इतकी आहेत की रिकामे राहणे परवडत नाही,’ हे ऐकायला सयुक्तिक वाटते. गणित उलटे सांगते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले अभियंते आग्नेर एरलांग यांनी १९०९ पासून या प्रश्नाची शास्त्रीय मांडणी सुरू केली. एक खिडकी, एक कारकून, अनियमित अंतराने येणारी माणसे आणि प्रत्येकाच्या कामाला लागणारा कमीजास्त वेळ, असे साधे चित्र धरू. कारकून ८० टक्के वेळ कामात असेल, तर येणाऱ्याला रांगेत सरासरी एका कामाच्या चौपट वेळ उभे राहावे लागते. ९० टक्क्यांवर तो नऊपट होतो, ९५ टक्क्यांवर एकोणीसपट. शंभराजवळ गेले की रांगेला अंतच राहत नाही. कारकून आळशी झाला म्हणून हे घडत नाही, तो पूर्ण भरला म्हणून घडते.

मिसुरीतल्या एका अमेरिकन रुग्णालयाची हकिकत सेंधिल मुल्लैनाथन आणि एल्डार शफीर यांनी २०१३ च्या पुस्तकात दिली आहे. तिथे ३२ शस्त्रक्रियागृहे होती आणि सगळी कायम भरलेली. तातडीचा रुग्ण आला की ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलायच्या, आणि डॉक्टरांनी मध्यरात्रीपर्यंत थांबायचे. सल्लागाराने सुचवले की एक गृह कुणालाही देऊ नका, फक्त अचानक येणाऱ्यांसाठी ठेवा. आधीच जागा पुरत नाही आणि तुम्ही आहे तीही काढून घेता, म्हणून शल्यविशारद नाराज झाले. प्रत्यक्षात होणाऱ्या शस्त्रक्रियांची संख्या सुमारे ५ टक्क्यांनी वाढली. अचानक येणारे काम कधी येईल हे सांगता येत नाही, पण ते येणार हे नक्की असते. त्याला जागा ठेवली की बाकीचे वेळापत्रक मोडत नाही.

पालिकेच्या आयुक्ताला हे वेगळे सांगायला नको. इमारत खचते, जलवाहिनी फुटते, कारखान्यात स्फोट होतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी रासायनिक कारखान्यात मोठा स्फोट झाला, माणसे गेली. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच वसाहतीत पुन्हा झाला, पुन्हा माणसे गेली. दोन्ही वेळी धावपळ झाली, दौरे झाले, घोषणा झाल्या. धावपळ कमी पडली असे कुणी म्हणणार नाही. कमी पडले ते मधल्या आठ वर्षांतले, बातमीत न येणारे, वस्ती आणि कारखाना यांच्यातल्या अंतराचा पाठपुरावा करणारे मन. बैल गेल्यावर झोपा करायला माणसे भरपूर मिळतात. बैल गोठ्यात असताना झोप्याकडे बघायला कुणाला तरी उसंत असावी लागते.

तिसरा मुद्दा: प्रश्न उघडा ठेवण्याची ताकद

बैठकीचा धर्म प्रश्न मिटवण्याचा आहे. विषयपत्रिकेवर विषय असतो, चर्चा होते, ठराव होतो. ठराव न होता उठलेली बैठक आपण वाया गेली म्हणतो. पण काही प्रश्न लवकर मिटवले की बिघडतात. कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांचे उदाहरण घ्या. १९८३ मध्ये महापालिका झाली तेव्हा ही गावे तिच्यात आली. २००२ मध्ये ती वगळली गेली. २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली गेली. २०२० च्या मार्चमध्ये त्यांतली १८ बाहेर काढण्याची अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ग्रामस्थांच्या मागण्या खऱ्या होत्या, राजकीय ताणही होते, हे सगळे मान्य. तरी एक गोष्ट उरते. निर्णय घेतले गेले नाहीत असे नाही, निर्णय भरपूर घेतले गेले. या पट्ट्यात वीस वर्षांनी किती माणसे राहतील, पाणी कुठून येईल, बांधकामावर नजर कोण ठेवेल, हा मूळ प्रश्न मात्र पुरेसा काळ कुणाच्या मनात उघडा राहिला, असे त्या निर्णयांच्या येरझाऱ्यांवरून दिसत नाही.

याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे, आणि व्यग्रतेची सबब सांगणाऱ्या प्रत्येकाने ते समोर ठेवावे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला. नागपूरला धम्मदीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मध्ये एकवीस वर्षे. त्या वर्षांत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, कायदामंत्री होते. त्यांच्याइतका भरलेला दिवस त्या काळात क्वचितच कुणाचा असेल. पण ‘कुठला धर्म’ हा प्रश्न त्यांनी घाईने मिटवला नाही. अनेक धर्मांचे लोक आपापले निमंत्रण घेऊन येत होते, वेळ मागत होते. आणि ते वाचत राहिले, तपासत राहिले. लाखो माणसांच्या आयुष्याची दिशा बदलणारा निर्णय असल्यामुळेच तो त्यांनी कुणाच्या भेटीच्या वेळेत बसवला नाही.

इथे टिळकांचे नाव निघणारच, आणि बहुधा चुकीच्या कारणाने. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात, सुमारे पाच महिन्यांत, त्यांनी गीतारहस्य पेन्सिलीने लिहून काढले, म्हणून ‘एकांत मिळाला की ग्रंथ होतो’ असा सोपा अर्थ आपण काढतो. पण गीतेचा प्रश्न त्यांच्या मनात शिरला होता १८७२ मध्ये, आजारी वडिलांना गीतेवरची मराठी टीका वाचून दाखवताना. म्हणजे प्रश्न जवळजवळ चाळीस वर्षे आत होता. त्याला सलग मोकळा वेळ द्यायला मात्र परकीय सरकारची शिक्षा लागली. आमच्या इतिहासात विचारी नेत्यांची पुस्तके तुरुंगात लिहिली गेली, धुळ्याच्या तुरुंगातली विनोबांची गीता-प्रवचनेही तशीच. हे आपण अभिमानाने सांगतो. मला त्यात दुःखही दिसते. ज्यांच्यावर आमचे प्रेम होते त्यांना उसंत आम्ही दिली नाही, ती त्यांना कैद करणाऱ्यांनी दिली.

मोकळा वेळ कशाला म्हणायचे

चिंतन शिबिर म्हणजे मोकळा वेळ नव्हे. शिबिराला कार्यक्रमपत्रिका असते, उद्घाटन असते, वक्ते असतात, समारोपाला ठराव असतो. शिबिरे उपयोगी असतील, पण ती आणखी एक बैठकच आहे, फक्त डोंगराच्या पायथ्याशी भरलेली.

मध्य रेल्वेच्या प्रवाशाला मेगाब्लॉक चांगला ठाऊक आहे. गाड्या कितीही गच्च भरून धावत असल्या तरी रविवारी काही तास रूळ बंद ठेवावेच लागतात. व्यग्र मार्गालाच मोकळा वेळ सगळ्यात जास्त लागतो, हे रेल्वेला कळते आणि आम्ही कुरकुरत का होईना मान्य करतो. पण ही तुलना एका जागी थांबवली पाहिजे. ब्लॉकमध्ये कुठला सांधा बदलायचा, कुठली वायर ओढायची हे आधी ठरलेले असते. नेत्याच्या मोकळ्या वेळेत काय करायचे हे ठरलेले नसावे, त्यातच तिचा उपयोग आहे. वेळ राखायची, तिचा विषय राखायचा नाही. सभेच्या विषयपत्रिकेत शेवटी ‘आयत्या वेळी येणारे विषय’ असा एक रकाना असतो. सगळे उठायच्या घाईत असताना तो येतो आणि दोन मिनिटांत संपतो. माझी मागणी एवढीच आहे की या रकान्याला आठवड्यातली एक अख्खी दुपार द्यावी.

आपल्या परंपरेला यात परके काही नाही. दासबोधात समर्थांनी एकांताचा आग्रह धरला आहे तो केवळ संसार सोडलेल्या साधकापुढे नव्हे, लोकसमुदाय सांभाळणाऱ्या महंतापुढेही. ज्याला माणसे जोडायची आहेत त्यानेच माणसांपासून काही काळ दूर बसावे, यात त्यांना विसंगती दिसली नाही. आणि या स्टेशनच्या नावात जो विठ्ठल आहे, तो तर पुंडलिकाने विटेवर थांबवून ठेवलेला देव आहे. दारात प्रत्यक्ष देव आला तरी हातातले काम सोडायचे नाही, हे इथल्या माणसाने कधीकाळी पूज्य मानले होते.

आक्षेप

पहिला आक्षेप असा की विचार काय, गाडीत होतो, रात्री पडल्या पडल्या होतो. होत नाही. नेत्याची गाडी हे चाकांवरचे कार्यालय झाले आहे, फोन तिथेच सगळ्यात जास्त वाजतो. हेन्री मिंट्झबर्ग यांनी १९७३ च्या पुस्तकात पाच संस्थाप्रमुखांच्या दिवसांची नोंद दिली आहे. त्यांची निम्मी कामे नऊ मिनिटांच्या आत संपणारी होती. तेव्हा मोबाइल नव्हता. नऊ मिनिटांच्या तुकड्यांत उत्तर देता येते. प्रश्नच चुकीचा आहे हे नऊ मिनिटांत ध्यानात येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो विठ्ठलवाडीच्या फलाटावरूनच येतो. सकाळच्या लोकलमध्ये पाय टेकायला जागा नसलेला माणूस विचारेल, मला कुठे आहे मोकळी दुपार? ती साहेबांनाच का? या प्रश्नात राग आहे आणि तो रास्त आहे. मोकळा वेळ सगळ्यांचाच हक्क असला पाहिजे, यात मला शंका नाही. पण नेत्याची दुपार ही त्याच माणसाच्या कामाची आहे. या प्रवाशाचे दोन तास ज्या कारणाने जातात, ते कारण कुठल्या तरी टेबलावर न जोडल्या गेलेल्या दोन फायलींत आहे. इकडे घरे वाढू द्यायची आणि रोजगार दक्षिण मुंबईत, ठाण्यात ठेवायचा, हा सलग विचार न झाल्याचा परिणाम तो रोज खांद्यावर घेऊन उभा असतो. घाईत घेतलेल्या निर्णयाची भरपाई नेता स्वतःच्या वेळेने करत नाही, या माणसाच्या वेळेने करतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. एकटा विचार करणारा नेता मनमानी करू लागतो. बंद खोलीतून बाहेर पडणारे फर्मान कुणाला विचारून निघत नाही. हे धोके खरे आहेत, आणि म्हणूनच विचार आणि निर्णय यांत फरक करायला हवा. मोकळ्या दुपारी निर्णय घ्यायचा नाही, प्रश्न घडवायचा. तो प्रश्न मग स्थायी समितीपुढे, सर्वसाधारण सभेपुढे, लोकांपुढे यायलाच हवा. मनमानीचे मूळ एकांतात असते असेही मला दिसत नाही. गर्दीने वेढलेला नेता लोकशाहीवादी असतो हा भ्रम आहे. त्याच्याभोवती जनता नसते, त्याच्यापर्यंत पोहोचू शकलेली माणसे असतात. तीच माणसे, तेच आवाज, वर्षानुवर्षे. अशा वेढ्यात सगळ्यांचे ऐकतो आहोत अशी खात्री झालेला माणूस एकट्याने फिरून आलेल्या माणसापेक्षा अधिक हट्टी होऊ शकतो.

राखण कोण करणार

मोकळा वेळ स्वतःचे रक्षण करू शकत नाही. डायरीतली कोरी जागा दिसली की कुणीतरी तिथे नाव लिहितो. शासकीय कार्यालयांत अभ्यागतांना भेटण्याच्या वेळेचा फलक असतो. त्याच फलकाखाली न भेटण्याची वेळही उघडपणे लिहावी. चोरून घेतलेल्या वेळेपेक्षा जाहीर केलेली वेळ अधिक टिकते. ती राखणारा स्वीय सहायक कणखर हवा, आणि ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असे खोटे न सांगता ‘आज दुपारी साहेब कुणाला भेटत नाहीत’ हे सरळ सांगण्याची त्याला मुभा हवी. फोन त्याच्याकडे ठेवावा. घर कोसळले, आग लागली, तरच हाक मारावी.

आणि आपण, भेट मागणाऱ्यांनी, आपला वाटा उचलला पाहिजे. आपल्या नगरसेवकाने बारशाला यावे, सत्यनारायणाला यावे, नाही आला तर ‘निवडून आल्यावर विसरला’ असे म्हणावे, ही सवय आपलीच. दहा मिनिटांच्या हजेरीने आपला मान राहतो आणि त्याची संध्याकाळ जाते. अशा किती संध्याकाळी मिळून एका विकास आराखड्याचे वाचन होते, याचा हिशेब आपण कधी केला नाही.

मोकळ्या दुपारी खोलीतच बसले पाहिजे असे नाही. वालधुनीचा प्रश्न ज्याच्या पदरी आहे त्याने, मग तो तिन्हींपैकी कुठल्याही कार्यालयातला असो, छायाचित्रकार आणि कार्यकर्ते न घेता अंबरनाथच्या शिवमंदिरापासून निघावे. जिथे काठ उरला आहे तिथे काठाने, जिथे नाही तिथे रस्त्याने विठ्ठलवाडीपर्यंत यावे. लोकलने हे अंतर दहाएक मिनिटांचे आहे, चालत एक दुपार लागते. वाटेत तीन संस्थांच्या हद्दी लागतात. पाण्यावर त्यांची कुठलीच खूण दिसत नाही.